फ्लॉपीच्या खाचेत कुंकू

मानवत, सोमवार, १९९३

कॉम्प्युटरची डिस्क गच्च भरलीय. टाइप केलेल्या लग्नपत्रिका फ्लॉपीवर उतरवून एसटीच्या कंडक्टरजवळ परभणीच्या छापखान्याला धाडल्या, की इथं जागा होईल. पण एकही फ्लॉपी चालेना. चार बदलल्या. शेवटी पेच काढून पाहिलं, तर खाचेत कुंकू.

मीच टाकलेलं. दर दसऱ्याला बायको या मशीनला कुंकू लावायची. मी खेकसलो की म्हणायची, "पोट चालायलंय की आपलं याच्यावर." उन्हाळ्यात ती गेली. घरात आता मी नि मशीन. म्हणून यंदा मीच कोरडी चिमूट वाहिली, नेमकी खाचेवर.

ती कशी लावायची? खाच पुसायला कापूस स्पिरिटात बुडवला, तेव्हा आठवलं. ती बोट पाण्यात बुडवायची. तीन दसरे शेजारी बसून मी नुसता खेकसतच होतो.