उजवी पाकळी

३ डिसेंबर
लहानपणी वाल पेरले की मी रोज माती उकरून बघायचे. आई म्हणाली होती, "तूच त्याला निजू देत नायस, तर तो उगवंल कसा गं?" आज दिवसभर तेच आठवतंय.

माझ्या नवऱ्याला, दिलीपला, अंथरुणाला खिळून चाळीस दिवस झाले. डॉक्टरांचं तेच : मणक्याची सूज उतरतेय, महिनाभर थांबा, पाय आपोआप हलायला लागतील कदाचित. ऑपरेशन आत्ताही करता येईल, पण धोका आहे.

थांबा!

चौक गावाजवळ एकाच मोटारसायकलवरून दोघे भाऊ पडले. धाकटा महेश पाचव्या दिवशी चालत घरी आला. अंगणात त्याच्या चपला वाजतात. मला तो आवाज सोसत नाही. लिहिलं एकदाचं.

५ डिसेंबर
महेशची बायको सुनंदा त्या पाच दिवसांत देवीसमोर नुसती बसून होती. काही बोलली नाही, मागितलं नाही. तिला मिळालं. मी नारळाचा नवस बोलले, मंगळवार धरले, देवळाच्या पायऱ्या धुतल्या.

"ताई, जरा टेका तुमी," म्हणते.
तिचा नवरा चालतोय. तिला टेकायला काय जातंय?

८ डिसेंबर
सासऱ्यांनी, आप्पांनी, देवीला कौल लावला. उजवी पाकळी पडली तर ऑपरेशन, डावी पडली तर थांबायचं. गुरवकाकांनी ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या, पंखा बंद केला. "आता कुणी हलायचं नाय."

मला पुढे बसवलेलं, अगदी मूर्तीजवळ. अर्धा तास. शेजारी सुनंदा, डोळे मिटून, दगडासारखी. तिच्याकडे बघता बघता काय झालं कोण जाणे, नमस्काराला वाकले आणि उजवीकडे हलकीशी फुंकर...

पडली.

आप्पा रडले. १३ला दाखल करायचं ठरलं.

९ डिसेंबर
दिलीपला फुंकरीचं सांगून टाकलं. चिडेल वाटलं होतं. हसला. "चहावर मारतेस तशी?" मग म्हणाला, "मला थांबायचंय गं. पण आप्पा देवीचा शब्द मोडू द्यायचे नाहीत."

देवीचा कुठला? माझा श्वास तो.

१० डिसेंबर
सुनंदानं पाहिलं होतं! भाजी निवडताना हळूच म्हणाली, "डोळे किलकिले होते माझे. मी कुठली शांत, ताई? भीतीनं हलताच येत नाय मला."
हेवा गेलेला नाही. थोडा उतरलाय, सुजेसारखा.

११ डिसेंबर
एका प्रश्नाला एकच कौल, हा गुरवकाकांचा नेम. पुन्हा विचारलं तर देवीवर विश्वास नाही असं होतं. सख्ख्या भावालाही त्यांनी परत पाठवलेलं. सकाळी गेले तरी. फुंकरीचं सगळं सांगितलं. ते मान खाली घालून फुलं निवडत राहिले. नाहीच म्हणणार, दिसतच होतं.

म्हटलं, "काका, पुन्हा लावा. या वेळी मी दाराबाहेर बसते, पाठ करून. कुठलीही पडू दे. तुम्ही हाक मारेपर्यंत वळणार नाही."