मसाल्याच्या पाकिटावरील खोट्या चिंचोक्याबाबत

प्रति,
मा. केंद्रप्रमुख मॅडम,
शिवारहाट ऑनलाइन विक्री केंद्र,
वाशिम.

अर्जदार : केशरबाई जगदेव अंभोरे, वय ५४, अध्यक्ष, उजेड महिला बचत गट, खैरवाडी, ता. मालेगाव, जि. वाशिम.
(अर्जदाराने सांगितल्याप्रमाणे लिहिणार : पौर्णिमा भगत, गटाची सचिव.)

विषय : काळ्या मसाल्याच्या घटकांची यादी अर्जदाराने जाणूनबुजून खोटी दिल्याबाबत, व त्यापायी श्री. राजपाल सरकटे यांना कामावरून कमी न करणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र क्र. २१७, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदया,

१. आपल्या पत्रात विचारणा आहे की, आमच्या मसाल्याच्या पाकिटावर 'भाजलेला चिंचोका' छापलेले असताना तपासणीत चिंचोका मिळाला नाही आणि शेंगदाण्याचा अंश मिळाला, हे कसे. खुलासा असा की, त्या मसाल्यात चिंचोका कधी नव्हताच. यादी लिहून घेणारे आपल्या केंद्राचे राजपाल सरकटे यांनी काहीही चुकीचे लिहिलेले नाही. त्यांनी अर्जदाराने सांगितले तेच लिहिले. अर्जदाराने खोटे सांगितले.

२. खोटे सांगण्याचे कारण असे. तीन वर्षांपूर्वी रिसोडच्या बाजारात एक गृहस्थ अर्जदाराच्या पालापाशी बसले, चहा पाजला आणि जवसाच्या चटणीची कृती विचारून घेतली. दिवाळीच्या आत तीच चटणी, तसल्याच पाकिटात, त्याच बाजारात विकायला आली, आणि अर्जदाराची चटणी परत घरी आली. तेव्हापासून कोणी गोड बोलले की अर्जदार आधी त्याच्या हाताकडे बघते, वही-पेन आहे का म्हणून.

३. यंदा मार्चमध्ये आमच्या मसाल्याची नोंद करायला राजपाल मोबाईल घेऊन गावात आला. त्याने कुटणाऱ्या बायांचे फोटो काढले, खलबत्त्याचा काढला, कढईचासुद्धा काढला. मग एकेक जिन्नस किती ग्रॅम, किती वेळ भाजायचा, आधी कोणता, मागून कोणता, असे विचारत बसला. अर्जदार गटातल्या सुकेशनीच्या कानात म्हणाली, "इतकं बारीक कायले पायजे याले? हा इकणारा हाये का शिकणारा?" तेवढ्यात अर्जदाराच्या फोनवर नोंदणीचे सहा आकडे (ओटीपी) आले आणि राजपालने तेही मागितले. संशय पक्का झाला. त्याने शेवटचा जिन्नस विचारला तेव्हा अर्जदार म्हणाली, "चिंचोका."

"किती, मावशी?"

"पावशेर. भाजून, सोलून, कुटून."

बाकी बाया भिंतीकडे बघत बसल्या. सुकेशनीला हसू आवरेना, म्हणून ती रिकामा हंडा घेऊन पाण्याला गेली. घरात पाणी भरलेलेच होते, हेही राजपालच्या ध्यानात आले नाही. इतका तो सरळ मुलगा आहे, हे आता कळते.

४. खरा जिन्नस म्हणजे शेंगदाण्याचे फोलपट. दाणे भाजून चोळले की जी पातळ लाल साल उडते, ती. अर्जदाराची सासू धनीबाई मालेगावला एका दुकानात दाणे भाजायला जात असे. दाणे मालकाचे, फोलपट उकिरड्याचे. ती ते ओटीत घरी आणी, तव्यावर काळसर होईस्तोवर भाजून मसाल्यात कुटी. रश्शाला रंग आणि दाटपणा त्यानेच येतो. हे लपवण्यात नुसता चोरीचा धाक नव्हता, लाजही होती. पाकिटावर फोलपट लिहिले तर शहरातले लोक म्हणतील, या बाया आम्हाला कचरा खाऊ घालतात.

५. मोबाईलवर मसाला दिसू लागल्यावर नागपूर, पुणे, नाशिककडून मागणी आली. जी बाई कधी पोहरादेवीच्या पलीकडे गेली नाही, तिच्या हातचे पाकीट पनवेलला पोहोचले. पण अर्जदाराचा संशय काही गेला नाही. एका गिऱ्हाइकाने खाली लिहिले, "चिंचोक्याची खमंग चव फारच छान." पौर्णिमाने ते वाचून दाखवले तेव्हा सगळ्या हसल्या. अर्जदार हसली नाही. म्हणाली, "जे टाकलंच नाई त्याची चव याले आली कशी? हा मानूस आपल्याले चाचपून राह्यला."

६. ऑक्टोबरच्या १७ तारखेला नागपूरहून निता नावाच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. पाकिटावरची यादी दोनदा वाचून त्यांनी मसाला वापरला होता. त्यांनी विचारले, "मावशी, यात दाणा आहे का?"

अर्जदार म्हणाली, "पाकिटावर लिव्हलं हाये ना? कोन्या कारखान्यातून बोलून राह्यली तू?"

"मला तुमची कृती नको. आहे की नाही, एवढंच सांगा. डॉक्टर विचारताहेत."

"डाक्टरले मसाला कायले पायजे?"

त्यावर त्या बाईंनी पुढे वाद घातला नाही. व्हिडिओ कॉल लावला. दवाखान्याच्या खाटेवर मुलगी होती. डोळे सुजून मिटलेले, ओठ जाड झालेले, हाताला सुई. ती रडतही नव्हती. अर्जदाराने फोन खाली ठेवला, परत उचलला आणि सांगितले, "हाये, बाई. दान्याचं फोलपट हाये. मी लपवलं." गटातल्या सुनांनाही जे तिने सहजी सांगितले नव्हते, ते एका अनोळखी बाईला सांगितले. मुलगी तिसऱ्या दिवशी घरी गेली. ते तीन दिवस अर्जदाराने खलबत्त्याला हात लावला नाही.

७. त्यानंतर मोबाईलवरूनच, आजवर मसाला घेतलेल्या सगळ्यांना गटाने संदेश पाठवला की, यात शेंगदाण्याचे फोलपट आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी खाऊ नये. गटात भांडण झाले. पौर्णिमा म्हणाली, "आता कुत्रंही आपलं पाकीट हुंगनार नाई." पण संदेश तिनेच पाठवला. कोणी पाकीट परत केले, कोणी शिवी लिहिली. अमरावतीच्या एका आजीबाईंनी कळवले की, त्यांची आईही फोलपट टाकत असे. हा खरा निरोप की पुन्हा चाचपणी, याचा निर्णय अर्जदाराचा अजून झालेला नाही.

८. तरी विनंती अशी की :
राजपालचे काम सुरू ठेवावे. मोबाईलवरचे आमचे पान बंद ठेवायचे तितके दिवस ठेवावे, तक्रार नाही. पुढील पाकिटावर 'शेंगदाण्याचे फोलपट' हे शब्द बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठे छापावेत. मात्र कोणता जिन्नस किती, हे गटाकडेच राहू द्यावे, आणि या अर्जाच्या झेरॉक्स काढून वाटू नयेत.

९. आणखी एक. निता बाईंनी मागच्या आठवड्यात फोन करून विचारले की, मुलीला चालेल असा, दाण्याशिवायचा मसाला कराल का. अर्जदाराने नवी कढई आणली, ज्याला कधी दाणा शिवला नाही असा खलबत्ता शेजारच्या गावातून मागून आणला, हात तीनदा धुतले आणि एकच पाकीट केले. ते त्या बाईंना अजून पाठवलेले नाही. अंगावरच्या लुगड्याला, घरातल्या वाऱ्याला फोलपट चिकटलेले असेल तर? त्या बाई रोज विचारतात, "मावशी, पाठवलं का? तुम्ही केलंय ना, मग झालं." अर्जदार रोज नाही म्हणते. त्या बाईंना अर्जदाराचा भरवसा वाटतो. अर्जदाराला स्वतःच्या हाताचा वाटत नाही. तरी सोबत जोडलेले तेच पाकीट तपासायला पाठवून, निकाल काय येईल तो आधी अर्जदारास कळवावा.

निकालाची वाट पाहणारी,

(सही) केशरबाई जगदेव अंभोरे
खैरवाडी, दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. आपल्या पत्राची प्रत.
२. सर्व घटकांची खरी यादी, नऊ जणींच्या सह्यांसह.
३. दाण्याशिवायच्या मसाल्याचे बंद पाकीट, एक. कृपया कार्यालयात उघडू नये.