बाबांचा सरहद्दीवरचा किल्ला

रविवार संध्याकाळ, जॉन्सनव्हिल

बाबांना जाऊन वर्ष झालं नाही, म्हणून यंदा दिवाळी नाही. पण लेकीसाठी, सईसाठी किल्ला? दिवसभर तेच डोक्यात. शेवटी आईला विचारलं. "सण आपल्याला नाही. किल्ला पोरांचा असतो, कर की!" हुश्श.

बाबा दरवर्षी करायचे तोच केला, त्यांच्या गावाजवळचा, जुन्या राज्यांच्या सरहद्दीवरचा. गोष्ट सांगताना धनी बदलला की ते बुरुजावरचं निशाण बदलायचे. मला क्रम आठवेना. आता ही गोष्टही गेली का?

"आय नो, डॅड," म्हणत सईने एकेक निशाण लावलं. बहमनी, निजामशाही, आदिलशाही, मोगल. ऐकताच मलाही आठवलं, एकही चुकलं नाही.

तेवढ्यात वाऱ्याने शेवटचं निशाण उडवलं. आई म्हणाली, "घ्या, आता धनी वारा!" आणि हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच.

निशाण परत लावलं नाही.