बायकांच्या सोसायटीचे मालक

आवरगाव, ता. धारूर
६ एप्रिल २००३

चि. भारत यास ताईचा जयभीम व आशीर्वाद.

आमी समदे बरे हावोत. विहिरीनं तळ गाठला, पण तुझ्या ताईला खुर्ची मिळाली! वाड्यावरच्या सुंदररावांनी बायकांची दूध सोसायटी काढली अन् मला अध्यक्ष केलं. कावून, ते त्यांनी भर सभेत सांगितलं : पारूबाई उलटून बोलत न्हाई. आता सोसायटीला चारा छावणी मिळालीय. सही माझी, वाटप सुंदररावांचं. आधी त्यांचे बैल, मग भावकी. आमच्या वस्तीला उरतं ते पाचट. शेजारच्या आश्रुबाची म्हैस काल बसली ती उठलीच न्हाई. तू कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतोस, तर आमच्याकडं कंचं राज्य हाय तेवढं कळव. पोरांना माझे मुके.

तुझी,
पारूताई

अंबाजोगाई
१४ एप्रिल २००३

ती. ताईस सविनय जयभीम.

पत्र वाचून हसलो. म्हशीपाशी आल्यावर हसू विरलं. राजेशाहीत सत्ता एकाची, सरंजामशाहीत जमीनदारांची, लोकशाहीत लोकांची. तुमच्याकडे लोकशाहीच आहे, फक्त तिचा मुक्काम सुंदररावांच्या ओसरीवर असतो. खरं तर संस्था बायकांची, त्यामुळे सुंदररावांना तिथं मतसुद्धा नाही. पण ताई, तुला तिथंच राहायचंय. तूर्त गप्प राहा. सुट्टीत येऊन मी त्यांच्याशी बोलेन. तब्येतीला जप, आणि धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भारत

आवरगाव
२ मे २००३

चि. भारत यास आशीर्वाद.

तुझ्या सुट्टीपतुर जनावरं थांबली नसती. मी सांगितलं, जे जास्त खंगलंय त्याला आधी चारा. सुंदररावांनी लगेच सभा बोलावली, अध्यक्ष बदला म्हणले. आपल्या वस्तीच्या बायकांनी माझ्या बाजूनं हात वर केले, भावकीच्या बायकांनी त्यांच्या. बरोबरी झाली. राहिल्या एकट्या गीताबाई, सुंदररावांच्याच मालकीण. त्यांनी पदर सावरला अन् हात माझ्या बाजूनं वर केला. सुंदरराव हळूच म्हणले, चुकलीस, खाली घे. त्या म्हणल्या, शेण मी काढते, धारा मी काढते, मत बी मीच देते.

सुंदररावांनी लगोलग भाषणच ठोकलं, की गावात बायकांचं राज्य आपणच आणलं! आता छावणीत खंगलेल्या जनावरांची रांग आधी, अन् ती मोडणाऱ्यावर तेच वरडतात.

गीताबाईंना इचारलं, घरी लई तरास झाला का? म्हणल्या, मालक आठ दिस बोलले न्हाईत, लई निवांत गेले.

तू सुट्टीत ये, पण बोलायला न्हाई, जेवायला ये.

तुझी,
ताई