चौकटीवरची बारावी रेघ

प्रिय ताई,

पाकीट बघून घाबरशील, म्हणून आधीच सांगतो: मी धडधाकट आहे, वेळेवर जेवतोय, केसही कापलेत. बोटीवरचं काम सुटलं, म्हणजे मीच सोडलं. तो किस्सा मोठा आहे, भेटल्यावर सांगेन. तू म्हणतेस तशी माझ्या पायाला भिंगरीच. सध्या एका सुताराकडे दारं-खिडक्या रंधतो. मालक लाकडाशी गोड बोलतात आणि माणसांवर खेकसतात. म्हणतात, तुझी शाळा कुठे सुटली ते तुझ्या मापावरून कळतं. हसू नकोस, आता बरं मोजतो.

तुझ्या टिचकीच्या गुडघ्याचं कळल्यापासून मात्र रंध्यावर हात धड चालत नाही. खेळताना उडी मारून खाली येताना गुडघा पिळला आणि आतला बंध तुटला, हे तुझं पत्र तीनदा वाचलं. भावोजी तिला पाठुंगळी घेऊन तीन जिने उतरतात आणि ती वरून ‘घोड्या, हळू’ म्हणते, तिथे हसलो आणि मग हसू येईना. डॉक्टरांचं ते वाढीच्या पट्टीचं काही डोक्यात शिरलं नव्हतं, म्हणून इथल्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना गाठलं. त्यांच्या दाराची कडी बसवायची होती, ती फुकट बसवून दिली. त्यांनी औषधाच्या खोक्यावर हाड काढून दाखवलं. मुलांच्या हाडाच्या टोकाशी मऊ पट्टी असते, हाड तिथूनच लांब होतं. वाढ संपत आली असेल तर मोठ्या माणसांसारखं त्या पट्टीतून आरपार भोक पाडून नवा बंध ओवतात. वाढ बरीच बाकी असेल तर पट्टीला धक्का न लावता वेगळ्या वाटेनं जावं लागतं, नाहीतर पाय वाकडा किंवा आखूड होण्याची भीती. आणि नुसतंच थांबावं, तर सैल गुडघ्यात आतली गादी फाटू शकते. असल्या कात्रीत तू सापडलीस आणि मी इथे भुसा उडवतोय.

हाडांचं वय कळावं म्हणून तिच्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढला, तो काठावरचा आला, म्हणून डॉक्टरांनी वर्षभरातली उंची विचारली, आणि तू स्वयंपाकघराच्या चौकटीवरच्या रेघांचा फोटो दाखवलास. दर वाढदिवसाला एक रेघ, बाजूला तुझं वळणदार अक्षर. बाराव्या आणि तेराव्या रेघेत जेमतेम बोटभर अंतर. त्यावरून डॉक्टर म्हणाले, वाढ संपत आली, पुढच्या गुरुवारी मोठ्यांसारखं ऑपरेशन करून टाकू. तू लिहिलंस, सुटले बाई एकदाची.

ताई, बारावी रेघ मी मारली होती. तू दुकानात गेली होतीस. ती सकाळपासून मुसमुसत होती, कारण खेळाच्या संघात तिला सगळ्या ‘बुटकी’ म्हणायच्या. मला बघवेना. माझ्या नव्या चपला तिच्या टाचांखाली सरकवल्या, वर झगा सोडला आणि रेघ ओढली. संध्याकाळी तू ती रेघ बघून तिची दृष्ट काढलीस, आणि आम्ही दोघं तोंडात रुमाल कोंबून हसलो. कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला माझ्या गळ्याची शपथ घातली. पोरगी एवढी इमानी, की डॉक्टरांपुढेही गप्प बसली.

त्याच चपला अजून पायात आहेत. आज मालकांची पट्टी लावून मोजल्या. टाचेला झिजूनसुद्धा तीन सेंटिमीटर भरल्या, म्हणजे नव्या असताना जास्तच. तेवढी ती वर्षभरात रेघांवरून दिसतं त्याहून जास्त वाढली आहे, अजूनही वाढतेच आहे. फोन चारदा केला, पण ती पडल्यापासून तुझा फोन तिच्याच हातात असतो. तिचा आवाज ऐकला की मी काहीतरी विनोद करून ठेवून देतो. म्हणून हे पत्र ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय, सोमवारी तुझ्या हातात पडेल. हे घेऊन तशीच डॉक्टरांकडे जा. त्यांना काय वाटेल याचा विचार करू नकोस, मूर्खपणा माझा आहे म्हणून सांग. मला हव्या तेवढ्या शिव्या दे, मी बुधवारी येतोय, समोर बसून खाईन. तिला मात्र रागावू नकोस. तिच्या कानात एवढंच सांग, की मामानं शपथ सोडवली. सुटली म्हण.

तुझाच,
भिंगरी