मागच्या डब्यातला गार्ड

प्रिय ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू पत्र फाडलं नाहीस, एवढंच पुष्कळ झालं. तू भावाकडे जायला निघालीस तेव्हा मी खिडकीच्या आडून बघत होते. बाहेर यायला तोंड नव्हतं.

तुझ्या खोलीला अजून कुलूपच आहे. आपली मधली भिंत किती पातळ! भाऊजी शिंकले की आमचे हे इकडून ओरडायचे, "हळू हो, छप्पर उडेल!" आता भिंतीपलीकडे सामसूम.

त्या सकाळी खाणीची कामगारगाडी उतारावर मागे घसरून कोळशाच्या वाघिणींवर आदळली असं कळलं आणि आपण दोघी हात धरून पळत सुटलो. शेडमध्ये चादरी घातलेल्या माणसांची रांग होती. शिपायानं पहिली चादर वर केली मात्र, मी "आमचे हे नाहीत गं, आमचे नाहीत!" म्हणत तुझ्या गळ्यात पडले. हसत होते मी, ताई. चेहरा नीट पाहिलाच नव्हता; हे नाहीत, एवढंच पाहिलं. तू माझ्या खांद्यावरून खाली बघितलंस. ते भाऊजी होते.

त्या हसण्याची लाज माझ्याबरोबरच जाईल. पण तुला ठाऊक नाही ती गोष्ट त्याहून वाईट आहे.

हे दवाखान्यातून हात गळ्यात बांधून आले तेव्हा त्यांनी मला सगळं सांगितलं. डबे इंजिनापासून सुटले. भाऊजी मागच्या डब्यात गार्डच्या ब्रेकचं चाक जीव खाऊन फिरवत होते, पण ते नुसतंच गरगरत होतं, पकडत नव्हतं. "उड्या टाका रे!" म्हणून ओरडत त्यांनी त्याच डब्यात दाराशी थिजलेल्या ह्यांना लाथ घालून बाहेर ढकललं आणि पुन्हा चाकाला भिडले. आत अजून माणसं होती ना.

मग चौकशी लागली. खाणीचे साहेब म्हणाले, गार्डला डुलकी लागली असणार. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "मी तर झोपलो होतो साहेब, मला काही ठाऊक नाही." ते वाक्य माझं होतं. घरून निघताना मीच पढवलं होतं. गेलेला माणूस काही परत येत नाही, आपल्या पोटावर पाय कशाला आणता, असं म्हणाले मी. ज्याच्या लाथेनं माझा संसार वाचला, त्याच्याबद्दल. नळावर बायका "झोपाळू गार्ड" म्हणायला लागल्या आणि मी मान खाली घालून बादली भरत राहिले.

परवा कँटीनमध्ये एकानं पेंगणाऱ्या गार्डची नक्कल केली. सगळे हसले. ह्यांनी हातातला कप भिंतीवर फोडला आणि तडक चौकशीच्या अधिकाऱ्यांकडे गेले. मला विचारलं नाही, तेच बरं झालं. सगळं सांगितलं. "मग तेव्हा का नाही बोललात?" असं त्यांनी विचारलं, तर म्हणाले, "भ्यालो होतो." माझा उल्लेखही केला नाही. काल खाणीतून निरोप आला, कामावर येऊ नका.

आता पत्राचं कारण. गुरुवारी पुन्हा सुनावणी आहे. एकदा खोटं बोललेल्या माणसावर विश्वास कोण ठेवणार? चाक पकडत नाही, वर्कशॉपवाले ऐकत नाहीत, असं भाऊजी जेवताना चिडून बोलायचे, ते आम्हाला भिंतीतून ऐकू यायचं; तुला तर समोर बसून सांगायचे. ते तू तिथे सांग. ह्यांच्यासाठी नाही, भाऊजींसाठी ये. स्टेशनवर हे येतील. आमच्या घरात पाऊल टाकावंसं वाटलं नाही तर टाकू नकोस, तुझी दुसरी किल्ली अजून माझ्याकडेच आहे, खोली झाडून पाणी भरून ठेवते. सुनावणीला मीही येणार आहे. आजच अधिकाऱ्यांना तसं कळवलंय. ह्यांना कुणी पढवलं हे ह्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगणार आहे, तुझ्यासमोर.

म्हणवून घ्यायचा हक्क उरला नाही, तरी तुझीच,
शेजारीण