निवंगुण्यांचे शेवटचे तपेले

मी, मुक्ताई बापूराव निवंगुणे, वय त्र्याहत्तर, राहणार वारजे, पुणे, पूर्वी नारायण पेठ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, ते बरेच झाले.

१. वारज्याची सदनिका माझ्या स्वकष्टाची आहे. ती मी माझी सून उत्कर्षा हिला देते. मुलगा योगेश याचा तीत हिस्सा नाही. तो रागावेल, म्हणून कारण लिहिते.

नारायण पेठेत आमचे लग्नकार्याला भांडी भाड्याने देण्याचे दुकान होते. प्रत्येक भांड्यावर ह्यांचे नाव कोरलेले. लग्नसराईत तपेल्यांची ने-आण चाले, त्या आवाजात मला झोपही छान लागे. परत आलेल्या तपेल्याचा वास घेऊन हे सांगत, मसालेभात कोणत्या आचाऱ्याचा होता. ते दिवस फार आठवतात.

पुढे मंगल कार्यालयांनी स्वतःची भांडी घेतली आणि आमच्यावर कर्ज चढले. वकिलांनी नादारीचा अर्ज करायला सांगितले. कोर्टापुढे सगळे मांडायचे, असेल ते घेणेकऱ्यांना वाटून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. हे म्हणाले, "भांड्यावरचं नाव कोर्टाच्या कागदावर जायचं नाही." दुकान विकले, भांडी मोडीत घातली, त्यात घरातली माझी परातसुद्धा. सगळी देणी फिटली. मी मात्र पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटत राहिले, हे गेल्यावरही. पेठेत अजून ह्यांचे नाव निघते. माझ्या पोळ्यांचे कोणी काढत नाही. मला ह्यांचा राग येतो आणि ह्यांची रोज आठवणही येते.

२. आता योगेशचा केटरिंगचा धंदा बसला आहे. कार्डांचे पैसे भरायला मोबाइलवरून कर्ज, ते फेडायला आणखी एक. परवा म्हणाला, "बाबांनी नादारी घेतली नाही, मीही घेणार नाही. फ्लॅट विकू." म्हणजे आता पोळ्या उत्कर्षाने लाटायच्या. हे मी असताना होणार नाही आणि मी गेल्यावरही नाही.

योगेशने नवे कर्ज काढून जुने फेडू नये. आधी बँकेशी तडजोडीचे बोलावे आणि ठरेल ते लेखी घ्यावे. फोनवरच्या गोड आवाजावर विसंबू नये. मुदत वाढवून हप्ते झेपत असतील तर उत्तम. झेपत नसतील तर उगाच न ताणता नादारीचा अर्ज द्यावा. त्यात त्रास आहे. कर्ज सहजी मिळणार नाही, लोक बोलतील. कर्ज न मिळणे ही त्याच्या बाबतीत मला सोयच वाटते, आणि लोक तसेही बोलतातच. उत्कर्षाने कोणत्याही कागदावर जामीन म्हणून सही करू नये.

३. माझी पैठणी नात कादंबरीला. नणंद यमुनाबाई यांना ती दाखवूसुद्धा नये. मागे नेसायला नेली होती, परत आली तेव्हा काठाला श्रीखंड होते.

४. योगेश, तुला मी तपेले देते. भांडी मोडीत गेली तेव्हा हे एक तपेले शनिवार पेठेत युसुफभाईंकडे कल्हईला होते. त्यांच्या पत्नी नसीमबानू यांनी नंतर ते आणून दिले, कल्हईचे पैसेही घेतले नाहीत. मी ते ह्यांना न सांगता माळ्यावर ठेवले.

वकील श्रद्धाताई सांगतात, नादारीतसुद्धा घरातली गरजेची स्वयंपाकाची भांडी कोणी नेत नाही. तेव्हाच्या वकिलांनीही हे सांगितले होते. तुझे वडील ते ऐकायला थांबले नाहीत. तू थांब.

तपेल्यावर ह्यांच्या नावाखाली मी माझे नाव कोरून घेतले आहे. त्याखाली जागा ठेवली आहे. कोर्टातून नादार होऊन आलास तरी तिथे तुझे नाव घाल. मग त्यात घरापुरता मसालेभात कर आणि पहिले ताट उत्कर्षाला वाढ.

वरील मजकूर मी स्वतः वाचला. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

मुक्ताई बापूराव निवंगुणे

साक्षीदार:
१. नसीमबानू युसुफ मणियार, शनिवार पेठ
२. सलिल वसंत गुर्जर, शेजारी, वारजे

पुणे, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५